फळा

शनिवारी दिवेलागणीच्या आधी
मी वाचनालयाचा फळा लिहायला जातो.
चाळीस वर्षं नंबरप्लेटा रंगवल्या,
ट्रकांच्या पाठीवर गावाचं नाव, पोरीचं नाव,
आणि मालक म्हणेल तो शेर.
मग स्टिकर आले. हात रिकामा झाला,
तो उत्तरेश्वर पेठेला देऊन टाकला.
पगार नाही. खडू त्यांचा, चहा त्यांचा,
अक्षर माझं.

इंदुताई मिणचेकर चिठ्ठीवरून सांगत जातात,
मी स्टुलावर उभा राहून उतरवतो:

रविवार, सकाळी दहा. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणे.
खळ इथं शिजेल, कात्री घरून आणावी.

मंगळवार. अंधशाळेच्या मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करणे.
घसा बसलेल्यांनी पुढच्या आठवड्यात यावं.

गुरुवार, पाच वाजता. शहनाज बागवान गोष्ट सांगतील.
(मागच्या गुरुवारी त्यांचा वाघ इतका खरा झाला
की चौगुल्यांचा नातू टेबलाखालून निघेना.
हे फळ्यावर लिहायचं नाही, असं ताई म्हणाल्या.)

शेवटच्या ओळीला मी जागा राखून ठेवतो:
स्वयंसेवक हवेत.
‘स्वयंसेवक’ हा शब्द लिहायला अवघड, वाचायला त्याहून.
चार अक्षरांत माणूस दिसतच नाही.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून परतताना
सदबा खाडे रोज थांबतो.
एक पाय पायडलवर, एक रस्त्यावर,
हँडलला रिकामी किटली.
ओठ हलवत सगळा फळा वाचतो, आत येत नाही.
सात वर्षं झाली असतील.
एकदाच बोलला,
“पेंटर, रविवारी चोवीस येतंय. तेवीस न्हवं.”
मी ओल्या बोटानं तीन पुसला
आणि चार काढेपर्यंत सायकल वळणापार गेली होती.

महापुराच्या साली
पंचगंगा विचारून आली नाही.
कपाटांचे खालचे चार कप्पे तिनं वाचायला नेले
आणि फुगवून परत केले.
पाणी उतरलं तेव्हा फळा इतका सर्दावला होता
की खडू धरेना.
मग मी घरून ऑइलपेंट आणला, पांढरा,
आणि ताईंना न विचारता लिहिलं:

पुस्तकं वाळवायला माणसं पाहिजेत.
जेवून या.

आली की माणसं.
तालमीतली पोरं दोऱ्या बांधायला,
बंडा टिपुगडे सलूनमधले तीन ड्रायर घेऊन,
एक लग्न ठरलेली मुलगी, हातभर ओली मेंदी,
तिला काही शिवता येईना, म्हणून ती नुसती मोजत बसली:
आठशे बारा वाचली,
दोनशे चाळीस गेली,
एकाचं काय झालं कळलं नाही.

त्यानंतर फळ्याला दोनदा काळा रंग मारला.
पण माझा पेंट पक्का.
सहाच्या सुमारास, ऊन तिरपं झालं की
रविवार, मंगळवार, गुरुवारच्या खालून
ती ओळ वर येते,
ओल्या भिंतीवर जुनी जाहिरात यावी तशी.
मी पुसत नाही. पुसता येतही नाही.

काल फळा लिहून हात झटकत होतो,
तर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला.
किटली हातात धरून सदबा उंबऱ्यात उभा.
आज दूध उरलं होतं वाटतं,
झाकणाशी फेस दिसत होता.

“ते खालचं,” बोट न दाखवता तो म्हणाला,
“माणसं पाहिजेत लिहिलंय.
अजून पाहिजेत?”

मला काही सुचेना.
सांगावं का, की ती ओळ जुनी आहे,
पुस्तकं कधीच वाळली?

इंदुताईंनी चष्म्यावरून पाहिलं.
“चपला तिथं काढ,” म्हणाल्या,
“आणि किटली आत घे,
मांजर आहे.”